बदकांच्या शेपट्या

पहिल्या सकाळी मी ३४० फोटो काढले. घरी येऊन कॉम्प्युटरवर टाकले तर निम्म्यांत नुसतं पाणी, काहींत आभाळ, आणि जिथे बदक होतं तिथे त्याची शेपटी. तीही हललेली. एका फोटोत पाणकणसाचं बोंड मात्र असं लख्ख आलं होतं की त्याचा तंतू न् तंतू मोजून घ्यावा. त्याच्या मागे तपकिरी धुराचा लोट दिसतो, तेच बदक.

धंदा माझा लग्नाच्या फोटोंचा. अमळनेरला छोटासा स्टुडिओ आहे, बावीस वर्षं झाली. तुळशीचं लग्न लागलं की आम्हाला जेवायला फुरसत नसते, आणि पौष लागला की माशा मारत बसतो. पौषात मुहूर्त नाहीत. अशाच एका मोकळ्या आठवड्यात, पारोळ्याकडून मोटारसायकलने पहाटे परत येत असताना, रस्त्याकडेच्या पाझर तलावावर दहा-बारा बदकं उतरताना पाहिली. पाय पुढे काढून, पंख पसरून, पाण्यावर रेघ ओढत. मनात म्हटलं, नाचणारी घोडी आणि वर बसलेला घाबरलेला नवरदेव दोघांना एका फ्रेममध्ये धरतो आपण, बदकाचं काय एवढं! ते वाक्य पुढचे तीन महिने मला पुरलं.

तलावाचं नाव सांगत नाही. मुद्दामच. नाव कळलं की रविवारी पंधरा गाड्या येऊन उभ्या राहतात. आमच्याकडची जुनी माणसं त्याला बहात्तरच्या दुष्काळातला तलाव म्हणतात. एका अंगाला मातीचा बांध, दुसऱ्या अंगाला हरभरा आणि गहू, आणि काठभर बेशरमीची झुडपं. पाणी फार खोल नाही. या बदकांना असंच उथळ पाणी लागतं, शेपटी वर आणि डोकं चिखलात घालून चरता येईल एवढंच.

आधी मला वाटलं, चूक तलावाची आहे. मोठ्या ठिकाणी गेलं पाहिजे. म्हणून एका रविवारी तापीवरच्या हतनूरला गेलो, ते ४१ दरवाज्यांचं धरण. पक्षी तिथे खरंच अफाट. मोठी लालसरी नावाच्या बदकांचे थवेच्या थवे पाण्यावर तांबडे ठिपके पसरल्यासारखे बसलेले. पण माझ्याजवळची लेन्स ५५-२५० मिलिमीटरची, एवढ्या लांबच्या पक्ष्यांना तोकडी. एवढ्या विस्तीर्ण पाण्यावर ते ठिपके फोटोतही ठिपकेच राहिले. दोनशे किलोमीटरचं पेट्रोल जाळून ठिपके आणले. त्यापेक्षा आपला छोटा तलाव बरा, बदक निदान चाळीस-पन्नास मीटरवर तरी येतं.

मग नीट विचार करायला बसलो. लग्नात मी फ्लॅश लावून १/१२५ वर काम करतो, म्हणजे शटर सेकंदाच्या एकशेपंचविसाव्या भागापुरतं उघडतं. माळ घालणारा हात फ्लॅशच्या उजेडात थिजतो. तलावावर फ्लॅश नाही. पहिल्या दिवशी कॅमेरा ऑटोवर होता आणि त्याने आपल्या मनाने १/२५० निवडलं होतं. सरळ उडणारं बदक ताशी साठ किलोमीटरच्या आसपास जातं, म्हणजे सेकंदाला जवळपास सतरा मीटर. सेकंदाच्या अडीचशेव्या भागात ते साडेसहा सेंटिमीटर पुढे सरकतं. चोचीच्या जागी मान आली, आणि मानेच्या जागी छाती. पंखाच्या टोकाचं तर विचारूच नका, ते पुढे जाता जाता खालीवरही होत असतं. तेच १/२००० वर अंतर येतं आठ मिलिमीटर. कॅमेरा पक्ष्याबरोबर फिरवत राहिलं तर तेवढंही जाणवत नाही. हा हिशेब मी लग्नाच्या एका बिलाच्या मागे केला. तो कागद अजून आहे.

१/२००० लावलं की उजेड कमी पडतो, हे ओघानेच आलं. सकाळी सव्वासातला, ऊन नुकतं पाण्यावर येतं तेव्हा, लेन्सचं तोंड जास्तीत जास्त उघडून, म्हणजे ५.६ वर ठेवूनही, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, ३२०० पर्यंत न्यावा लागायचा. फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे येतात. पण दाणेदार फोटो पाहवतो, हललेला पाहवत नाही. साडेआठपर्यंत आयएसओ सहाशे-आठशेवर यायचा आणि रंग खुलायचे. साडेनऊनंतर ऊन डोक्यावर येऊ लागतं, पाणी पांढरं पडतं, बदकंही जेवण आटोपून डुलक्या घेतात. म्हणजे कामाचे दोन तास. त्यासाठी डिसेंबरच्या थंडीत पाचला उठायचं. बायको म्हणाली, ‘‘एवढ्या पहाटे तुम्ही माझ्यासाठी कधी दूधसुद्धा आणलं नाही.’’ यावर उत्तर नव्हतं.

फोकसने मला सगळ्यात जास्त रडवलं. नवरीला आपण सांगतो, इकडे बघा, आणि ती बघते. कॅमेरा एकदा फोकस धरतो आणि तिथेच थांबतो. उडत्या पक्ष्याला हे चालत नाही, फोकस धरून बोट दाबेपर्यंत तो दोन मीटर पुढे गेलेला असतो. त्यासाठी कॅमेऱ्यात सतत फोकस करत राहण्याची सोय असते. एका कंपनीत तिला एआय सर्व्हो म्हणतात, दुसरीत एएफ-सी. बावीस वर्षांत मी ते बटण कधी फिरवलं नव्हतं. शिवाय फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या, अंगठ्याखालच्या बटणावर दिलं. अंगठा दाबून ठेवला की फोकस पक्ष्यामागे धावतो, सोडला की थांबतो. तर्जनी फक्त फोटो काढते. दोन बोटांना दोन कामं. आठवडाभर अंगठा आणि तर्जनीचं भांडण चाललं होतं. एका साखरपुड्यात सवयीने अंगठा न दाबताच अंगठी घालतानाचे अकरा फोटो काढले आणि अकराही गेले. मग तोंडभर हसून म्हणालो, ‘‘परत एकदा घाला, तो अँगल बरोबर नव्हता.’’ त्यांनी घातली. बदक परत घालत नाही.

आणखी एक गोष्ट उशिरा कळली. माझ्या कॅमेऱ्यात फोकसचे नऊ बिंदू आहेत. पक्षी निळ्या आभाळात असला तर नऊच्या नऊ चालू ठेवावेत. आभाळात धरायला दुसरं काहीच नसल्याने पक्षी सापडतो. पण तो काठच्या गवतासमोरून जात असेल तर फक्त मधला एक. नाहीतर कॅमेरा इमानदारीने पाणकणसाचं बोंड धरतो. आणि बसल्या बसल्या जवळपास त्याच अंतरावरच्या एखाद्या झुडपावर फोकस लावून ठेवावा, म्हणजे पक्षी आला की लेन्स या टोकापासून त्या टोकापर्यंत घुरघुरत बसत नाही.

सराव तलावावर केला नाही. शेतात ट्रॅक्टर रोटाव्हेटर फिरवू लागला की मागे बगळ्यांची रांग लागते, ते उडतात, बसतात, पुन्हा उडतात. अर्धा दिवस त्यांच्या मागे घालवला. मग पाण्याच्या टाकीवरची कबुतरं. एसटीच्या ड्रायव्हरलाही मी फोकसमध्ये धरलेलं आहे, त्याला माहीत नाही. आडवा जाणारा पक्षी सोपा पडतो, कारण त्याचं आपल्यापासूनचं अंतर फारसं बदलत नाही. सरळ अंगावर येणारा सर्वांत अवघड. आणि फोटो सगळ्यांना त्याचाच हवा असतो.

इथपर्यंत आलो तेव्हा पक्षी स्पष्ट येऊ लागले होते, पण काळे. हळदी-कुंकू बदक मुळात गडद, मागे उजळ आभाळ. कॅमेरा आभाळ पाहून फोटो अंधारा करतो. या बदकाच्या चोचीत तर सगळी गंमत आहे. काळ्या चोचीच्या टोकाला पिवळी हळद आणि मुळाशी कुंकवाचे दोन लाल ठिपके. हळद-कुंकूच दिसलं नाही तर काय फोटो? म्हणून शटर, आयएसओ, सगळंच हाताने ठरवू लागलो. पक्षी बांधासमोरून आभाळात गेला तरी त्याच्या अंगावरचं ऊन तेच असतं ना? मग आकडे का बदलायचे? काठावरच्या सुकलेल्या गवतावर एकदा उजेड मोजून घ्यायचा आणि ऊन चढेल तसं दर पंधरा मिनिटांनी पुन्हा.

एवढं सगळं येऊनही शेपट्या सुटेनात. कारण बदकं माझ्यापासून दूर उडत होती. मी काठावर यायचो, ती उडायची, मी फोटो काढायचो. घाबरलेला पक्षी पाठच दाखवणार, यात कॅमेऱ्याचं काही चालत नाही. माझ्याबरोबर एकदा आलेल्या एका धंदेवाल्या मित्राने यावर उपाय म्हणून खडा मारला. अख्खा तलाव एका दमात रिकामा झाला. त्याला बारा फोटो मिळाले, बाराही शेपट्यांचे, आणि पुढचे दोन दिवस तलावावर टिबुकलीशिवाय काही नव्हतं. त्याला मी पुन्हा नेलं नाही.

शहाणपण मिळालं ते आबांकडून. आबांचा गहू तलावाला लागून. शेतीची लाईट आठवडाभर रात्रीची असली की ते रात्रभर पाणी भरतात आणि उजाडताना बांधावर शेकोटी करून बसतात. चार दिवस त्यांनी माझी धावपळ नुसती पाहिली. पाचव्या दिवशी म्हणाले, ‘‘काय करी ऱ्हायना भाऊ?’’ म्हटलं, बदकांचे फोटो काढतोय आबा, उडतानाचे. ते म्हणाले, ‘‘मंग बठ ना खाले. मानूस उभा दिखना का त्या उडतस.’’

बसलो. शेकोटीजवळ नव्हे, बेशरमीच्या झुडपात, अंगावर मातकट रंगाची घोंगडी घेऊन. जुन्या पॅन्टचा एक पाय कापून, दोन्ही टोकं शिवून त्यात सरकी भरली आणि तिच्यावर लेन्स टेकवली. पाण्याच्या पातळीवर कॅमेरा आला आणि चित्रच पालटलं. वरून काढलेलं बदक ताटातल्या वस्तूसारखं दिसतं. त्याच्या डोळ्याच्या उंचीवरून काढलं की ते कुणीतरी असतं. दीड तास काही झालं नाही. पाय बधिर, नाक गळतंय. मग बदकं आपणहून सरकत सरकत वीस मीटरवर आली.

मग जे जे दिसलं, ते उभं राहून कधीच दिसलं नसतं. उडायच्या आधी बदकं सांगतात. चरणं थांबतं. माना उंच होतात. मग एकजण मान झटकल्यासारखी वर-खाली करतो, दुसरा करतो, तिसरा करतो, जणू ‘निघायचं का, निघायचं का’ असं एकमेकांना विचारताहेत. आणि तोंडं वाऱ्याकडे वळतात. वाऱ्याच्या विरुद्ध उडालं की पंखांना उचल मिळते, म्हणून उडतात आणि उतरतातही वाऱ्याला तोंड देऊन. आता हिशेब सोपा झाला. आमच्याकडे हिवाळ्यात सकाळचा गार वारा बहुतेक दिवस उत्तर-पूर्वेकडून येतो, आणि ऊनही पूर्वेकडून. मी बसत होतो पश्चिमेच्या बांधावर, कारण गाडी तिथपर्यंत जाते! म्हणजे ऊन डोळ्यात आणि बदकांच्या शेपट्या माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी हरभऱ्याच्या सरीतून वळसा घेऊन पूर्वेच्या काठाला गेलो. ऊन पाठीवर, वारा पाठीवर. सात चाळीसला पाच बदकं उठली ती सरळ माझ्याकडे. त्या दिवशी मला पहिल्यांदा तोंडं मिळाली, पाच, हळद-कुंकवासकट. दोन फोकसमध्ये नव्हती. हरकत नाही.

उठण्याच्याही तऱ्हा आहेत. हळदी-कुंकू, थापट्या ही वरवर चरणारी बदकं पाण्यावर पंख आपटून जवळजवळ सरळ वर उसळतात, त्यांना धावपट्टी लागत नाही. त्यामुळे फ्रेममध्ये वर जागा सोडावी लागते, नाहीतर डोकं कापलं जातं. माझी अशी डोकं कापलेली कितीतरी आहेत. वारकरी नावाचे पक्षी मात्र पाण्यावर पायांनी पटापटा धावत सुटतात आणि मग कुठे हवेत जातात. कपाळावर पांढरा टिळा, अंग काळंभोर. तसं ते बदक नव्हे, पण नवशिक्याने हात बसवायचा तर वारकऱ्यावर बसवावा. धावतो बराच वेळ, मागे पाण्यावर पावलांचे फवारे उठतात, आणि पहिले दोन फोटो हुकले तरी तिसरा मिळतो.

आबांनी दिलेली दुसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त फळली. एक बदक पाण्यात डोकं बुडवून अंगावर पाणी उडवत होतं. मी कॅमेरा खाली ठेवून हात चोळत होतो, कारण ते काही उडत नव्हतं. मागून आबांचा हलका आवाज आला, ‘‘ते आंग धोयी ऱ्हायनं. आते पंख झटकी, देख.’’ आणि खरंच, अंघोळ संपल्यावर ते पाण्यावर जवळजवळ उभं राहिलं आणि तीन-चारदा पंख झटकले. पंखातला हिरवा पट्टा, त्याच्या पांढऱ्या कडा, चहूकडे थेंब. माझा कॅमेरा खाली. पण त्यानंतर प्रत्येक अंघोळीवर मी डोळा ठेवला, आणि दहातल्या आठ वेळा तरी शेवटी झटकणं आलंच. जागा हलत नाही, अंतर बदलत नाही, आधी सूचना मिळते. उडणाऱ्या बदकामागे धावून जीव काढण्यापेक्षा अंघोळ करणारं बदक शोधावं, असं माझं स्पष्ट मत झालंय. वऱ्हाडातल्या मावशांचं असंच असतं. पदर सावरला की त्या नाचायला उठणार, हे मला बावीस वर्षांपासून माहीत होतं. बदकांत तेच शोधायचं असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

झटकतानाही घाई नडते. माझा कॅमेरा सेकंदाला पाच फोटो काढतो, पण मोठ्या फाइलचे पाच-सहा झाले की त्याचं पोट भरतं आणि तो ढेकर देत बसतो. मी पहिल्याच थेंबाला बटण दाबून धरायचो आणि पंख पूर्ण उघडले की कॅमेरा मुका. मग दोन-दोनच्या घासाने काढायला शिकलो. एक पंख वर जाताना, एक पुढे येताना. मधे श्वास.

संक्रांतीनंतर थंडी जरा ओसरली, आणि हाव वाढली. सगळे फोटो थिजलेले दिसू लागले, जणू बदक दोरीने टांगलंय. म्हणून उलटं केलं, शटर १/६० वर आणलं आणि पक्ष्याच्या वेगाने कॅमेरा आडवा फिरवायचा. डोकं स्थिर यावं, पंख आणि मागचा बांध फराटे होऊन जावेत. हात नाही फिरवायचे, कमरेपासून वरचं सगळं अंग फिरवायचं, आणि फोटो निघाल्यावरही थांबायचं नाही. सांगायला दोन वाक्यं, करायला तीन आठवडे. शंभरात एखादा. थापट्यांनी यात थोडी दया दाखवली. ते चरताना एकमेकांमागे गोल गोल फिरतात, पाणी ढवळून खालचं खाणं वर आणतात आणि फावड्यासारख्या चोचीने गाळत जातात. हळू फिरतात, त्यामुळे १/१५ वरही काम होतं. पाण्यात चक्र उमटलेलं, मधे चोची.

फेब्रुवारीच्या एका सकाळी तीन हळदी-कुंकू बदकं समोरच्या उपटायच्या राहिलेल्या कपाशीसमोरून आडवी गेली. मी अंग फिरवलं. अकरा फोटो. सातव्यात तिन्ही डोकी सुईसारखी स्पष्ट, पंख रंग पुसल्यासारखे, मागे कपाशीचे पांढरे-तपकिरी फराटे. बांधावर बसून तो मी कितीदा मोठा करून पाहिला, बॅटरी संपेपर्यंत.

मार्चमध्ये थापटे गेले. पाणी उतरलं, बेशरमीची मुळं उघडी पडली. तोवर सगळे मिळून ९४०० च्या वर फोटो झाले होते, ठेवले ३१. गहू निघाला तेव्हा मी दोन प्रिंट घेऊन आबांच्या खळ्यावर गेलो. एक तो कपाशीसमोरचा, बारा बाय अठरा, चांगल्या मॅट कागदावर. दुसरा सहज काढलेला; एक बदक बांधावर उभं, काही करत नाही, मागे आबांची मोटर आणि निळा पाइप.

आबांनी हात धोतराला पुसले. मोठा प्रिंट उन्हात धरला, तिरका केला, पुन्हा सरळ केला.

‘‘हाऊ ते हालेल शे रे भाऊ,’’ ते म्हणाले, आणि माझ्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्याचं तीन महिन्यांचं नुकसान झालं. मी समजावायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी दुसरा उचलला होता. सुनेला हाक मारून दाखवला, मोटरकडे बोट केलं, पाइपाकडे केलं, बदकाकडे सगळ्यात शेवटी.

तो आता त्यांच्या विहिरीवरच्या खोलीत, स्टार्टरच्या पेटीशेजारी खिळ्याला लटकतोय. हाललेला माझ्या स्टुडिओत आहे. परवा एक गिऱ्हाईक पासपोर्ट फोटोसाठी बसलं असताना त्याच्याकडे बघून म्हणालं, ‘‘माझा नीट काढा बरं का.’’